कवितेतल्या काकी

आमच्या सरांच्या घरात कवितेला एकच शत्रू होता आणि तो त्यांच्याच चुलीपुढं बसायचा. कुणी दारातून "कवी आहेत का?" असं विचारलं, की सरांच्या पत्नी, आमच्या काकी, आतूनच उत्तर द्यायच्या, "कवी हायेत. घरात उपयोगाचं कुनी न्हाई."

मी मुठा गावातलीच, त्यांच्या शेजारची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सरांनी पुस्तकं दिली नसती, तर बारावीलाच थांबले असते. कवितेला चंद्र लागत नाही. भाकरी, धूर, भेगाळलेल्या टाचा पुरतात, हे त्यांनीच शिकवलं. हे सगळं सामान काकींचं होतं.

"माज्या टाचा ह्यांनी पुण्यात वाचून दाखिवल्या," त्या म्हणायच्या. "लई टाळ्या पडल्या म्हनं. मलम कुनी दिलं न्हाई."

धुरानं त्यांना खोकला जडला होता. गॅस आणा म्हणून त्या कित्येक वर्षं भांडत होत्या. सर मऊ आवाजात म्हणत, "अगं, तू चुलीपुढं बसतेस तेव्हाच मला ओळ सुचते."

"मग आज तुमी बसा धुरात. मला काय सुचतंय ते बघू."

सर उठून अंगणात जायचे.

एका रविवारी पुण्याहून सरांचे वाचक आले. भली माणसं होती. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "काकू, जरा चुलीपाशी बसता? कवितेतल्यासारखा फोटो घेते." काकी उठल्या, गोठ्यातून कुदळ आणली आणि सगळ्यांदेखत चूल फोडली. पाहुण्यांच्या कपड्यांवर राख उडाली.

"घ्या फोटू," त्या म्हणाल्या. मग सरांकडं वळल्या, "आन् तुमी ह्याच्यावर एक जरी ओळ लिवली, तर कुदळ हितंच हाय."

सरांनी लिहिली नाही. गॅस आला. दोघांचं बोलणं मात्र तुटक झालं, ते शेवटपर्यंत.

सर गेल्यावर पौडला शोकसभा झाली. 'सरांची प्रेरणा' म्हणून काकींना व्यासपीठावर बसवलं, दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुनी इचारलं न्हवतं." आणि खाली उतरल्या. सभेला ते आवडलं नाही.

निदान मी तरी त्यांना विचारावं, म्हणून हे लिहून झाल्यावर मी आधी काकींकडे गेले आणि वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत ऐकत होत्या.

"येवढं वाईट बोलते व्हय मी?" त्या म्हणाल्या. "असू दे. खरं हाय."

मग सरांविषयीची दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली. निवडायची भाजी तशीच हातात राहिली.

"ही काढ," त्या म्हणाल्या. "ही माजी हायेत."

मी काढली.