पंचविसावा वाढदिवस

राजेश्वरी मॅचच्या आधी ओकायची. एखाद्या मोठ्या मॅचच्या आधी नाही, प्रत्येक मॅचच्या आधी. पाच फूट अकरा इंच उंचीची पोरगी, जिला बघून समोरच्या संघातल्या मुली आधीच अर्ध्या व्हायच्या, ती बेसिनवर वाकून उभी असायची आणि मी तिची वेणी धरून मागे. मी कोरेगावची सुमैरा, शिंप्याची मुलगी, उंची पाच फूट दोन. बॉल पुढे नेऊन तिच्या हातात द्यायचा एवढंच बास्केटबॉलच्या संघातलं माझं काम. साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी सहा वर्षं एका खोलीत राहिलो. आमचे सर म्हणायचे, "दडपण घेतीया पोरगी, हुईल सवय." मलाही तसंच वाटायचं.

पण दडपण खेळाचं नव्हतं. कोर्टवर उतरली की ती वाघीण होती. ती घाबरायची ती कोर्टच्या बाहेरच्या टेबलाला, जिथे एक माणूस खेळाडूंची ओळखपत्रं तपासत बसलेला असतो. त्या टेबलावरून पुढे सरकली की तिच्या तोंडावर रंग यायचा. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "पोरगी हाय का बाई हाय ही? वय बघा हिचं!" की आम्ही खिदळायचो, आणि तिचा हमखास सोपा बास्केट चुकायचा. ह्या दोन गोष्टींचा संबंध माझ्या मठ्ठ डोक्यात तीन वर्षं शिरला नाही.

तिसऱ्या वर्षी तिची सोळा वर्षांखालच्या राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली. आम्ही वसतिगृह डोक्यावर घेतलं. दोन दिवसांनी सर सहज बोलून गेले की तिथे सगळ्यांच्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडावरून वय कळतं. त्या दुपारी राजे खोलीत आली, दाराला कडी घातली आणि मटकन खाली बसली.

"सुमे, मी न्हाई जायची," ती म्हणाली. "मी सतराची हाय."

मग तिने सगळं सांगितलं. तिचं गाव विट्याजवळचं. त्या भागातली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, आणि तेही घरापासून हजार किलोमीटरवर. तिचे वडील अर्जुनाकाका, तिचे अण्णा, सेलमला दुकान चालवायचे. राजेचा जन्म तिथलाच. आई वारली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि काकांनी तिला गावी आजोबांकडे, आकारामआबांकडे पाठवलं. तमिळ फाडफाड बोलायची, मराठी घरातली यायची, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. शाळेतले गुरुजी म्हणाले, दुसरीत बसवावी लागेल. आबांना वाटलं, नऊ वर्षांची पोर दुसरीत बसली तर बाकीची हसतील. सेलमचा दाखला कोण आणणार, आणि तमिळमधला दाखला वाचणार कोण? त्यांनी वर्गाला शोभेल अशी तारीख सांगितली, एक जून, दोन वर्षांनी अलीकडची. गुरुजींनी लिहून घेतली. आमच्या भागात अशा एक जूनच्या माणसांची पलटण उभी राहील. त्यात पाप कुणाच्या मनात नव्हतं, बास्केटबॉल तर स्वप्नातही नव्हता.

आबांना बिचाऱ्यांना काय माहीत, ही पोर पुढे ताडासारखी वाढणार आणि दोन वर्षं मोठं असणं हाच गुन्हा ठरणार.

ती शिबिराला गेली नाही. आबा आजारी आहेत म्हणून थाप मारून गावी जाऊन बसली. सरांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला. मी कुणाला सांगणार नाही असा तिला शब्द दिला होता, आणि तो देताना मी चौदा वर्षांची असल्याने मला फारसं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालच्या शालेय राज्य स्पर्धेत आम्ही सुवर्णपदक जिंकलो. फायनलमध्ये राजेचे बावीस पॉइंट, माझे दोन. कागदावर ती सतरा वर्षांच्या आत होती. खरी एकोणिसाव्या वर्षात.

त्याच पदकाच्या प्रमाणपत्रावर, खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेतून, मला साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. अब्बांच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. घर माझ्यावर चालतं. म्हणजे राजेची ती एक जून माझ्याही मानेभोवती होती, फक्त मी तिकडे बघत नव्हते. ती मात्र रोज बघायची. ती मोठ्या गटात गेली, राज्याकडून खेळली, तिथे वयाची अट नव्हती, तरी ती ओकायची थांबली नाही. "कोण तरी एक दिस इचारंल," एवढंच म्हणायची. फोनवर अनोळखी नंबर दिसला की तो वाजून बंद होईपर्यंत ती हात मांडीखाली दाबून बसायची.

यंदा रेल्वेच्या संघात तिची निवड झाली. आमच्याकडे बाई बास्केटबॉलवर पोट भरते म्हणजे अशीच, नोकरी रेल्वेची आणि ड्यूटी कोर्टवर. पंधरा मार्चला हजर व्हायचं होतं. त्याआधी गावात सत्कार ठेवला होता, म्हणून नऊ तारखेला आम्ही दोघी एसटीने विट्याला गेलो आणि तिथून वडापच्या जीपने तिच्या गावच्या फाट्यावर उतरलो. भर दुपार होती. राजे दोन पावलं पुढे चालत होती, ती एकदम थांबली. मी तिच्या पाठीवर आदळले.

चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला होता. मधोमध राजे बॉल घेऊन उभी, खाली शुभेच्छुकांची तीस-चाळीस मुंडकी, सगळे सेलमचे गलाईवाले. आणि वर ठसठशीत अक्षरांत, 'रेल्वेच्या संघात निवड झाल्याबद्दल व पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक अभिनंदन.' तारीखही होती, नऊ मार्च. कागदावर राजेला तेविसावं सरायचं होतं, तेही जूनमध्ये.

"सुमे," ती म्हणाली, "पंचवीस लिवलंय." तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

अर्जुनाकाका फेटा बांधून समोर आले. शाळेतला कागद त्यांनी जन्मात बघितला नव्हता. सगळं आबांनी केलं होतं आणि आबा चार वर्षांपूर्वी गेले.

"काका, आवं हा फ्लेक्स उतरवा आधी," मी म्हणाले.

"का गं? सेलमवरनं छापून आणलाय. तारीख चुकली का काय? चुकंल कशी, दवाखान्याच्या दारात मीच हुतो तवा!" आणि ते कौतुकाने हसले. पोरं फ्लेक्सखाली उभी राहून फोटो काढत होती. फोटो केव्हाच सगळ्या ग्रुपवर पसरला होता. आमच्या खेळाडूंच्या ग्रुपवर सांगलीच्या एका जुन्या प्रशिक्षकाने खाली लिहिलं होतं, 'अभिनंदन. पंचवीस?'

त्या एका प्रश्नचिन्हाने आमचे पुढचे तीन दिवस खाल्ले. कुणीच पुढे काही विचारलं नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. कचेरीत साहेबांनी बेल मारली तरी मी दचकायचे. चौथ्या दिवशी राजे साताऱ्याला आली.

"मी सांगून टाकते," ती म्हणाली. "सेलमचा जन्माचा दाखला हाय अण्णांकडं. मला न्हाई आता सोसवत."

खरं सांगते, मला तिचा राग आला. "तू सुटशील," मी म्हणाले. "पदक जाईल, मग माझी नोकरी जाईल. अब्बांना काय खायला घालू? इतकी वर्षं गप्प बसलीस ना, मग बस की अजून!" इतकं टाकून मी तिला कधी बोलले नव्हते. ती "व्हय, तुझं बी खरंच हाय" म्हणून उठून गेली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला क्रीडा कचेरीत गेली आणि दाखला टेबलावर ठेवला. लेखी जबाब दिला. नेमणूक थांबली. रेल्वेची भरती पंचवीस वर्षांपर्यंत असते, म्हणजे खऱ्या वयातही ती बसत होती. पण खोटा कागद जोडल्यावर खऱ्याला कोण विचारतं? हे तिने मला फोनवर सांगितलं ते अगदी शांत आवाजात. मी तिला शिव्या घातल्या, मग रडले. ती म्हणाली, "काल मी नऊ तास झोपले, सुमे. आठवत न्हाई कवा एवढी झोपले हुते."

मग मला क्रीडा कचेरीचं पत्र आलं. पदकाची चौकशी लागली आहे, उद्या अकरा वाजता सांगलीला जबाबाला यावं. ज्या खेळाडूंना खरं वय माहीत नव्हतं, त्यांच्या नोकऱ्यांचा सहानुभूतीने विचार होईल, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. राजेश्वरीने जबाबात लिहूनच दिलंय, सुमैराला यातलं काही माहीत नव्हतं."

तिच्या वयाचं खोटं आबांनी रचलं, गुरुजींनी लिहिलं, मी झाकलं. आयुष्यात तिने स्वतःहून सही करून एकच खोटं लिहिलं, आणि ते माझ्यासाठी.

मी तिला फोन केला आणि उद्या काय सांगणार ते सांगितलं. "येडी हायस का? अब्बांचा इचार कर. सुमे, तुझ्या पाया पडते, न्हाई म्हण. एवढंच म्हण, मला न्हाई म्हाईत." तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा कापत होता. मी फोन ठेवला. मला भीती वाटते आहे. पण जबाबाचं पहिलं वाक्य लिहून झालं आहे. मला माहीत होतं.