ताईची झडती

राखणदाराला मी पहिल्यांदा बेटावर सोडलं तेव्हा मला खात्री होती की हा माणूस पुढच्याच फेरीला परत येणार. खांद्याला एक पिशवी, गळ्यात दुर्बीण आणि चेहरा असा, की कुणाच्या तरी घरी चुकून जेवायच्या वेळेला पोचलाय. मी लाँच चालवतो. बेटावर पाणी, धान्य, रॉकेल आणि माणसं पोचवायचं काम माझ्याकडे आहे. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. याच्या बाबतीत मात्र साफ चुकलो, कारण तो तिथे रुजला.

त्याआधी त्याला कुठल्याच नोकरीने फार दिवस ठेवून घेतलं नव्हतं. शिंप्याकडे होता, छापखान्यात होता, एका औषधांच्या दुकानातही होता. सगळीकडून नारळ मिळाला. कामचुकार होता म्हणून नाही, तर एकच गोष्ट तो तीनतीनदा तपासत बसायचा म्हणून. तोवर गिऱ्हाईक निघून जाई. बेटावर मात्र नेमकं तेच हवं होतं.

बेट म्हणजे गवताची एक टेकडी, तिच्याखाली काळे खडक, दोन खोल्यांचं दगडी घर आणि लाटांनी कुरतडलेला धक्का. घराची कौलं, टाकीतलं पाणी, दिव्याची बॅटरी हे सगळं त्याच्याकडे. आणि मोजणी. ओहोटीला खडकांवर सील येऊन पडतात. ते टेकडीवर पालथं पडून, त्यांना दिसणार नाही असं मोजायचे. एक जरी बिचकला तरी सगळे धडाधड पाण्यात उड्या टाकतात आणि पिल्लं चेंगरतात. डॉल्फिन जाताना दिसले तर ते मोजायचे. कुरव, पाणकावळे मोजायचे. सगळ्यांत नाजूक काम गवतातल्या पक्ष्यांचं. मुठीएवढा काळसर पक्षी, जमिनीत बीळ करतो, वर्षाला एकच अंडं घालतो. त्याला मोजायचं म्हणजे आडवं पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा. बोटाला चावा बसला की घर भरलेलं आहे असं समजायचं. त्याच्या बोटांना कायम पट्ट्या असायच्या. मी विचारलं, "दुखत नाही का हो?" तर म्हणाला, "चावला नाही तर जास्त दुखतं."

आणि झडती. धक्क्याला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिच्या दाराला खाली रबराची पट्टी लावलेली, मुंगीसुद्धा जाऊ नये अशी. बेटावर येणारी प्रत्येक वस्तू त्या खोलीत, दार बंद करून, उघडून दाखवायची. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर उंदरांचं एक जोडपं उतरलं तरी खेळ खलास, म्हणून ज्या सरकारी खात्याचं हे बेट, त्याचा हा नियम. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस त्या खोलीत फौजदार व्हायचा. पिशव्या उलट्या करायचा, अंथरुणं झटकायचा, बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्यायचा. खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांनाही मोजे काढायला लावले होते. साहेब नंतर वर्षभर ते कौतुकाने सांगत होते. माझा जेवणाचा डबासुद्धा त्याने कधी सोडला नाही. उघडायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "वहिनींना सांगा, मीठ कमी घाला." तेवढंच त्याचं विनोदाचं अंग.

आता ताईबद्दल. त्याची थोरली बहीण आमच्या बंदराच्या गावातच राहते. आई लवकर गेली, याला तिनेच वाढवलं, आणि पन्नाशीच्या भावाला ती भर रस्त्यात "बाळा" म्हणून हाक मारते. बाई सरळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा ताप अंगात असताना दवाखान्यात गेली. दारातल्या मुलीने चपला बाहेर काढायला सांगितल्या तर तशीच पाठ फिरवून घरी आली. "मला शिकवते चपला कुठे काढायच्या!" ताप आणखी आठवडाभर राहिला. चपला मात्र पायातच.

भावाच्या कामाची तिला लाज वाटायची. शेजारणी विचारायच्या, "काय हो, झाले का तुमच्या भावाचे पक्षी मोजून?" आणि हसायच्या. ती म्हणायची, "सरकारी खात्यात आहे तो," आणि दार लावून घ्यायची. हे त्याला माहीत होतं. दरवर्षी तो तिला बेटावर यायचा आग्रह करायचा आणि दरवर्षी तिला काहीतरी काम निघायचं.

मग याची पाठ धरली. फळीवर झोपतो, हे बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. ताईने ते ऐकून ठेवलं, आणि पुढच्या फेरीला बंदराच्या धक्क्यावर हजर. हातात पिशवी आणि मागे हमालाच्या डोक्यावर गुंडाळलेली, सुतळीने करकचून बांधलेली कापसाची गादी.

"माळ्यावर नुसती पडून होती," मला म्हणाली. "याची पाठ मोडली तर सरकार येणार आहे का शेकायला?"

सबंध प्रवासात ती गादीवर हात ठेवून ताठ बसली होती. राखणदार बेटाच्या धक्क्यावर उभा होता. मी इतकी वर्षं त्याला ओळखतो, पण तसा हसरा तो मला कधी दिसला नव्हता. ओहोटी लागली होती, त्यामुळे ताईला आणि गादीला उतरवून मी लगेच निघालो. पुढचं सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं.

किल्ली हातात घेऊन तो झडतीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. ताईने आत डोकावून पाहिलं. "हे काय? इथे कोंडणार आहेस का मला?"

"ताई, सामान इथे उघडावं लागतं," हे वाक्य त्याच्या तयारीचं होतं, शेकडो वेळा म्हटलेलं. ते घशापर्यंत आलं. पण इतक्या वर्षांनी आली आहे, आत्ता भडकली तर लाँचला हाक मारून परत जाईल, पुन्हा या जन्मात यायची नाही, हे त्याला लख्ख दिसलं. ताईचं घर आरशासारखं. तिच्या सामानात काय असणार? आणि गादी काय, वर नेऊन आपण स्वतः उघडू.

"तुला कशाला लागतं हे? तू चल सरळ वर," तो म्हणाला. गादी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

वर ताई चुलीपाशी चहाचं बघायला गेली. त्याने खोलीत सुतळी सोडली. गादी उलगडली तशी आतून एक उंदीर निघाला, त्याच्या पावलावरून गेला आणि उघड्या दारातून गवतात. पलीकडून ताई विचारत होती, "साखर कुठे ठेवतोस रे?" तो म्हणाला, "डाव्या हाताला."

त्याच क्षणी वायरलेसवरून खात्याला कळवायचं, असा नियम. त्याने वायरलेस हातात घेतला आणि खाली ठेवला. कळवलं तर कुठून आला ते सांगावं लागणार. ताई पलीकडेच, कपबशा धूत होती.

पुढचे दिवस ताईच्या आयुष्यातले मजेचे गेले. त्या वयात ती टेकडीवर पालथी पडून सील मोजायला शिकली. तिचा आकडा त्याच्यापेक्षा एकाने जास्त आला. तो म्हणाला, "ताई, तो मागचा काळा दगड आहे." ती म्हणाली, "दगडाने आत्ता पोट खाजवलं." त्याने दुर्बीण लावली, तर सील! ती इतकी हसली की तोंडात पदर कोंबावा लागला, खालचे सील बिचकू नयेत म्हणून. मग हळूच म्हणाली, "एवढं सगळं तू एकटा बघतोस बाळा? मला वाटायचं नुसतं बसून असतोस." हे वाक्य ऐकायला त्याने अख्खं आयुष्य घालवलं होतं. ते ऐकलं, आणि त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

ताई गेल्यावर त्याने सापळे लावले. एक उंदीर सापडला, चांगला मोठा. त्याने तो दगडाखाली पुरला आणि स्वतःची समजूत घातली, की आला तो गेला. पण एकटा आला नव्हता तो. मोसमाच्या मोजणीला हात बिळात घातला तर बोटांना फुटलेली टरफलं लागली. शेजारच्या बिळातही तेच, आणि त्याच्या वरच्या ओळीतही. पूर्वेकडचा चढ संपेपर्यंत एकदाही त्याला कुणी चावलं नाही.

तेव्हा त्याने कळवलं. बेटावर उंदीर आहेत, इतकंच. कुठून आले ते नाही.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या खात्याच्या मॅडम आल्या, उंदरांचं औषध घालणारी माणसं आली. मॅडम गवतात बसून टरफलं गोळा करत होत्या आणि मध्येच चष्मा पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "दुसरं कुठून येणार? लाँचमधूनच आले." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी राखणदाराकडे पाहिलं, कारण माझी प्रत्येक गोणी त्याच्या हाताखालून गेलेली. वाटलं, आता हा उसळून बोलेल. तो खाली बघत राहिला.

माझी लाँच बंद झाली. फळ्या उचकटून तपासण्या चालल्या. गावात लोक मला "उंदीरवाले" म्हणायला लागले, लहान पोरंसुद्धा. मी राखणदाराला बंदराच्या धक्क्यावर गाठून वाटेल ते बोललो. घाणेरडं बोललो. त्याने एक शब्द उलटा काढला नाही. मला वाटलं, भित्रा आहे. अर्धं खरंच होतं ते.

मग खात्याच्या कचेरीत आम्हा दोघांना बोलावलं. वरच्या मजल्यावरची खोली, एक लांब टेबल, खडखडणारा पंखा. साहेब होते, मॅडम होत्या. साहेब मला विचारत होते, की गोण्या कुठे रचतोस, आणि मी सांगून सांगून थकलो होतो. तेवढ्यात दारातला शिपाई "अहो बाई, अहो बाई" करत असताना ताई आत आली. भावाला चौकशीला बोलावलंय हे तिला गावात कळलं होतं. इस्त्रीची साडी नेसून आली होती ती.

"मी याची बहीण," ती साहेबांना म्हणाली. "बोलावलं नाहीत, तरी आले. याच्यावर संशय घेत असाल तर आधी माझं ऐका. मी स्वतः राहून आले तिथे. असा कामाचा माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही."

"बसा ना," मॅडम म्हणाल्या.

"बसते. अहो, सगळ्यांची झडती घेतो हा. या साहेबांचे मोजे काढायला लावले, सगळ्या गावाला माहीत आहे. कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही." मग तिचा आवाज मऊ झाला. तिने भावाकडे अशा कौतुकाने पाहिलं, की मलाच तिथे बसवेना. "फक्त माझा मान ठेवला. ती खोली दाखवली, पण म्हणाला, ताई, तुला कशाला लागतं हे, तू चल सरळ वर. माझी गादीसुद्धा स्वतःच्या खांद्यावरून नेली. असे संस्कार आहेत त्याच्यावर."

पंखा तेवढा खडखडत होता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

ताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं? काही चुकीचं बोलले का मी बाळा?"

"नाही ताई," तो म्हणाला. "बरोबर बोललीस." मग उभा राहिला आणि साहेबांकडे वळला. "उंदीर गादीतून निघाला. मी पाहिला. हिला माहीत नव्हतं. यांच्या लाँचचा काही संबंध नाही. मी गप्प बसलो." एवढं बोलून तो पुन्हा खाली बसला, छापखान्यातून काढून टाकलं तेव्हा बसला असेल तसा.

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून कमी केलं. आवाज चढवला नाही, उलट माफी मागितल्यासारखं बोलले. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पूर्वेकडचा चढ या मोसमात रिकामा गेला होता, आणि पुढच्या मोसमाचं कुणाला सांगता येत नव्हतं.

जिन्यात मी पुढे होतो, ती दोघं मागे. मला तिथून निघून जायचं होतं, पण ताईने हाक मारली, "अहो, जरा थांबा." मग भावाकडे वळली. चेहऱ्यावर रक्त नव्हतं तिच्या.

"मला सांगायचं होतंस, ताई गादी उघड."

"तू परत गेली असतीस."

मला वाटलं, आता ही भडकणार. तिने तोंड उघडलंही. मग तिने ते मिटलं आणि पायरीकडे पाहिलं.

"गेले असते," ती म्हणाली.

आणि दोन पायऱ्या उतरून ती माझ्यासमोर आली. पदर सावरला, हात जोडले. "तुमची लाँच आमच्यामुळे बंद पडली. गावाने नावं ठेवली तुम्हाला. चुकलं आमचं." मी म्हणत होतो, अहो राहू द्या, अहो काय हे. मला त्या माणसाचा राग होता, महिनाभर आणखी शिव्या साठवल्या होत्या मी, पण या बाईने माझ्यापुढे हात जोडावेत असं मला कधीच नको होतं. ती काही ऐकेना. तिची मान खाली गेली ती वर येईना, आणि राखणदार वरच्या पायरीवर कठड्याला धरून ते बघत उभा होता.