आडावरचा हुकूमशहा

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण वादात कुणाला हार गेलो न्हाई. आमचा लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. कचेरीवर पाटी नवी चढली, गावातला आड मात्र कोरडा ठाक. टँकर यायचा, आडात पाणी ओतायचा, आणि सगळं गाव घागरी घेऊन ओळीत.

ओळ सांभाळायला एक म्हातारी विधवा होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. हातात बाभळीची काठी, तोंडात शिव्या. तिलाच ओळीवर ठेवा म्हणून गावात भांडलो होतो मी.

त्यात मुदखेडहून माझा मेव्हणा आला. रेल्वेतला माणूस, मॅट्रिक झालेला, रोज पेपर वाचणारा. दिल्लीपासून स्टेशन मास्तरापर्यंत त्याला सगळे हुकूमशहाच दिसायचे. घागर ओळीत ठेवून तो हॉटेलात माझ्यासंगं चहाला आला. परत जाऊन बघतो तर आक्कानं घागर पार शेवटी सारलेली! तसाच फणफणत हॉटेलात आला.

"दाजी, ही बाई हुकूमशहा हाय!"

"का? शिव्या देती म्हणून?"

"हुकूम सोडती, काठी दाखवती. आणखी काय पाहिजे?"

"मग पाव्हणं, तुमची बहीणबी हुकूमशहाच की! ती लाटणं दाखवती."

हॉटेल हसलं. मला चेव आला, उभाच राहिलो. "नीट ऐका. का म्हणून विचारलं तर जो जबाब देत न्हाई, आन् जागेवरनं ऊठ म्हटलं तर उठत न्हाई, तो हुकूमशहा. मग गोड बोलो की कडू."

"मग उठवून दाखवा तिला!"

आता माझी इज्जत लागली. आक्का उठली न्हाई तर गावात मी खोटा. पुढचा टँकर यायच्या आधी, सगळ्या ओळीसमोर विचारलं, "आक्का, पाव्हण्याची घागर मागं का सारली?"

"घागरीमागं माणूस नव्हतं. नुसत्या घागरी चालल्या तर मोठ्या घरच्या आदल्या रात्रीच येऊन बसतील. गरिबानं काय आडात डोकावून बघायचं?"

"बरं, काठी दे म्हटलं तर?"

"घे की! माझे पाय दुखून राहिले." तिनं काठी मेव्हण्याच्या हातात दिली आणि जागा सोडून बाजूला जाऊन बसली.

माझी छाती फुगली. तेवढ्यात टँकर आला. सरपंचाच्या गड्यानं रिकाम्या घागरी आणून सगळ्यांच्या पुढं मांडल्या. सकाळी सरपंचानं चहा पाजलेला, मेव्हण्यानं त्या तशाच राहू दिल्या. बाया ओरडल्या, "यांच्यामागं माणसं कुठं हायत?"

"का म्हणून विचारायचं न्हाई! काठी माझ्याकडं हाय!"

"मग काठी द्या!"

त्यानं काठी पाठीमागं लपवली.

मी टाळ्याच पिटल्या. "ऐकलं का! ऐकलं का!" म्हणत ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना अर्थ सांगत सुटलो. बायांनी काठी हिसकून आक्काला दिली. सरपंचाच्या घागरी गेल्या मागं.

बघतो तर माझीबी घागर मागं!

"आक्का, माझी का?"

"मागं माणूस कुठं होतं? ते तर भाषण करून राहिलं होतं."

जबाब मिळाला, कबूल करावा लागला.

घरी बायकोनं अर्धी गढूळ घागर बघून विचारलं, "एवढंच?"

"वाद जिंकून आलोय," मी म्हटलं.

मेव्हण्यानं तांब्या बुडवला, थांबला, आन् बहिणीकडं बघून म्हणाला, "आक्के, घेऊ का?"