स्टँडवरून माघारी

जेवण झाल्यावर सदानंद तेंडोलकर आडवे होतात ते झोपायला म्हणून नाही. पाच वाजता कार्यक्रम आहे, त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या आवृत्तीचा. तिथं काय बोलायचं ते मनात एकदा फिरवून घ्यावं, एवढंच. पडदे ओढलेले आहेत. पंख्याचं एक पातं जरा वाकडं आहे, त्याची घरघर चालू आहे. “रसिकहो,” असं ते मनाशी म्हणतात. मग “रसिक श्रोतेहो.” दोन्हींतलं बरं कुठलं हे ठरता ठरता त्या घरघरीला डिझेलचा वास यायला लागतो.

गाडी उभी आहे. इंजिन चालू आहे.

हा आजऱ्याचा एसटी स्टँड आहे. म्हणजे तेंडोलकरांनी लिहिला तो. कारण खरा स्टँड त्या काळी कसा होता ते त्यांना कुठं माहीत आहे? छपराचे पत्रे त्यांनी लिहिले होते तसेच गंजलेले आहेत. सिमेंटच्या बाकावर एक बाई बसली आहे. वय सव्वीस असेल. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर दोन वर्षांची मुलगी झोपलेली.

“या पेपरवाले,” बाई म्हणते. चेहरा सव्वीसचा, पण आवाज एकोणऐंशी वर्षांचा आहे. त्या आवाजावरून ते ओळखतात.

द्वारकाकाकू. जाऊन अकरा वर्षं झाली.

तेंडोलकर तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. एकोणीस वर्षं तिथं काढलेली. अपघात, निधनवार्ता, तालुक्याहून फोनवर आलेल्या बातम्या. डोंगराळ भागातल्या मुलांसाठी वसतिगृह काढणारे अण्णा नांदवडेकर वारले आणि रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहायला ते अण्णांच्या पत्नीकडे गेले. एका लेखासाठी गेलेला माणूस मग दीड वर्ष जात राहिला. काकू चहा टाकायच्या, टेपरेकॉर्डर मध्ये ठेवलेला असायचा, आणि त्या सांगायच्या. एका दुपारी त्यांनी ते सांगितलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, अण्णांचं लक्ष सगळं वसतिगृहातल्या बेचाळीस मुलांत. एक दिवस काकू मुलीला घेऊन निघाल्या. बांद्याला, माहेरी, कायमच्या. आजऱ्याच्या स्टँडवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसल्या. सावंतवाडीची गाडी आली, गेली. दुसरी आली. आणि त्या परत आल्या.

का परत आल्या, ते मात्र टेपवर नाही. टेप संपली होती, तेंडोलकरांना शेवटची गाडी गाठायची होती. पुढच्या खेपेला विचारू म्हणून ते उठले. पुढच्या खेपेला विषय दुसरा निघाला. लिहायला बसले तेव्हा तेवढी जागा रिकामी होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीनं त्यांना एकच शिकवलं होतं, पानावर भोक राहता कामा नये. त्यांनी लिहिलं: ‘एका लेकराला घेऊन ती निघाली होती, बेचाळीस लेकरांसाठी ती परतली.’

त्या एका वाक्यानं पुस्तक उचललं. लोक ते पत्रिकांवर छापू लागले, कॉलेजच्या मुली स्पर्धांत त्या प्रकरणावर एकपात्री करू लागल्या. तेंडोलकरांनी नोकरी सोडली. मग एका मल्लाचं चरित्र, एका शल्यविशारदाचं, एका कारखानदाराचं, अशी अकरा झाली. अनोळखी बायका काकूंच्या दारात येऊन पाया पडायच्या. काकूंनी ते प्रकरण शेजारणीकडून वाचून घेतलं होतं. तेंडोलकर समोरच बसले होते. ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “असं होय.” तेंडोलकरांनी ती पसंती समजली. निदान त्या दिवशी तरी.

“काकू, गाडी लागलीय,” ते आता म्हणतात.

“दिसतेय की.”

“मग चला ना. पेटी मी घेतो.”

“मी कशी बसणार? मी बसत नाही असं लिहिलंय ना तुम्ही.”

राग नाही. जागा धरून ठेवायला रुमाल टाकलाय, असं सांगावं तसं सांगतात. तेंडोलकर पेटी उचलतात. पेटी हलकी आहे. गाडीची एक पायरी चढतात, दुसरी चढतात, आणि तिसऱ्या पायरीला पाय टेकतो तो वृत्तपत्राच्या कचेरीतल्या फरशीवर. मुख्य उपसंपादक चष्मा कपाळावर ढकलून म्हणतात, “तेंडोलकर, चार ओळी कमी पडतायत. पान अडकलंय.”

“साहेब, माहिती नाही माझ्याकडे.”

“माहिती कोण मागतंय? ओळी द्या.”

हातात पेटी तशीच आहे. ते पाठ फिरवतात तर दार स्टँडवरच उघडतं. मुलगी कूस बदलून पुन्हा झोपली आहे. उन्हाची तिरीप बाकाखालून पलीकडे गेली आहे.

“ठेवा ती खाली,” काकू म्हणतात. “दमाल.”

तेंडोलकर त्यांच्या शेजारी बसतात. हे स्वप्न आहे हे त्यांना एव्हाना कळलं आहे, आणि स्वप्न फार टिकत नाही हेही. तेव्हा आडवळण न घेता ते विचारतात, “काकू, त्या दिवशी तुम्ही खरं म्हणजे का परतलात?”

काकू हसतात. “सांगत होते की मी. तुम्ही चपला घालत होतात.”

“आता सांगा.”

“सांगते. दुपार कलली होती. त्या तिथं, नळापाशी, एक बाई...”

खर्रर्र करून वर कर्णा बोलू लागतो. एका लेकराला घेऊन ती निघाली होती. बेचाळीस लेकरांसाठी ती परतली. सगळा स्टँड दणाणतो. संपेपर्यंत काकूंचं बोलून झालेलं असतं. त्या पदर सारखा करत असतात.

“काकू, ऐकू नाही आलं.”

“होय? अहो, ती बाई मला म्हणाली...”

एका लेकराला घेऊन.

तेंडोलकर उठून चौकशीच्या खिडकीकडे धावतात. आत कंट्रोलर नाही. आत रंगमंच आहे, आणि त्यावर पांढरा-निळा गणवेश घातलेली एक मुलगी ध्वनिक्षेपकासमोर उभी आहे. ती हात पसरते, आवाज कापरा करते, वाक्य म्हणते. टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्या की पुन्हा म्हणते.

“बाळ, थांब जरा. पाच मिनिटं,” तेंडोलकर हात जोडतात. “बाहेर त्या बोलतायत.”

“सर, पाठ आहे मला,” ती आनंदानं म्हणते. “एक शब्द चुकणार नाही.”

ते ध्वनिक्षेपकावर पंजा दाबून धरतात. मुलगी गप्प होते. आणि पंजाखालून आवाज येतच राहतो, त्यांचा स्वतःचा, भाषणातला, खर्जातला. ते दोन्ही हात लावतात. छाती लावतात. आवाज त्यांच्या बरगड्यांतून बाहेर पडतो.

ते परत येतात तेव्हा संध्याकाळ झालेली आहे. स्टँडवर कुणी नाही. सावंतवाडीची गाडी दार उघडं ठेवून तशीच थरथरत उभी आहे. चालकाची जागा रिकामी.

“काकू, माझ्या कानात सांगा,” ते म्हणतात. बाकापुढे गुडघे टेकतात आणि कान त्यांच्या ओठांपाशी नेतात. लहानपणी कुणी गुपित सांगायचं तेव्हा बसायचे तसे.

काकू सांगतात. बराच वेळ सांगतात. त्यांचा श्वास कानाला लागतो, ऊबदार, वेलदोड्याचा वास असलेला. मध्ये एकदा त्या थांबतात, मग पुन्हा सांगू लागतात. एका ठिकाणी त्यांना हसू येतं. हे सगळं तेंडोलकरांना कळतं. ओठ हलतात ते गालाला जाणवतं. ऐकू मात्र येतं ते बेचाळीस लेकरांचंच, एकदा, दोनदा, दहा वेळा, स्वल्पविरामासकट.

मग ओठ थांबतात. काकू मागे सरून त्यांच्याकडे बघतात. सव्वीस वर्षांचे डोळे भरलेले आहेत.

“कळलं ना?”

नाही म्हणायला तेंडोलकर तोंड उघडतात. नाही कळलं काकू, पुन्हा सांगा, शंभरदा सांगा, मी शेवटची गाडी सोडतो. पण त्या चेहऱ्यावरून कसलं तरी ओझं उतरलेलं दिसतं आहे. पुन्हा विचारलं तर ते पुन्हा चढेल. आणि पुन्हा सांगूनही ऐकू तेच येणार.

“कळलं,” ते म्हणतात.

“बरं झालं बाई,” काकू म्हणतात. “आयुष्यात एकदा कुणाला तरी सांगायचं होतं. अण्णांनी कधी विचारलं नाही. लेकीला काय सांगणार?” मग त्या एकदम वाकून तेंडोलकरांचा उजवा हात मनगटाशी घट्ट धरतात. “पण हे लिहू नका हं, पेपरवाले. हे एवढं माझं माझ्याकडे राहू द्या.”

“नाही लिहिणार.”

“शपथ?”

“शपथ,” तेंडोलकर म्हणतात. जे आपल्याला माहीतच नाही ते कधी कुणाला सांगणार नाही, अशी शपथ ते घेतात. काकू हात सोडत नाहीत. आणखीच आवळतात. गाडी, पत्रे, बाक, झोपलेली मुलगी सगळं विरळ होत जातं, तरी ती पकड सुटत नाही.

“अहो, उठा. साडेचार वाजून गेले. कार्यक्रमवाल्यांची गाडी येईल.”

मंदाकिनी चहा घेऊन उभी आहे. पडदे तिनं उघडले आहेत. तेंडोलकर उठून बसतात. त्यांना वाटतं, आत्ताच्या आत्ता प्रकाशकांना फोन करावा, ते वाक्य काढायला सांगावं. पण प्रती तर सभागृहात पोचल्यासुद्धा. आणि काढून त्या जागी घालायचं काय?

“आज एक मुलगी ते प्रकरण सादर करणार आहे म्हणे,” मंदाकिनी इस्त्रीचा सदरा काढत म्हणते. “साताऱ्याची. राज्यात पहिली आलेली. अहो, हे काय? कुठं लागलं?”

ते हाताकडे बघतात. उजव्या मनगटावर चार वळ उमटलेले आहेत, तांबडे, बारीक, एकाखाली एक. आतल्या बाजूला पाचवा, अंगठ्याचा. ते डाव्या हाताची बोटं त्यांवर ठेवून बघतात. बोटं जाड आहेत. बसतात की नाही, ठरत नाही.

“झोपेत दाबून धरलं असेल तुम्हीच,” मंदाकिनी म्हणते. “तेल लावू?”

“नको. लावू नकोस काही.”

खाली गाडीचा हॉर्न वाजतो. ते सदरा घालतात. उजव्या बाहीचं बटण एका हातानं लागत नाही, तेव्हा ती पुढे होऊन लावू लागते.

“जरा सैल राहू दे,” ते हळूच म्हणतात. “घासून जायला नको.”