काठोकाठ पातेलं

शारजाहून जबल अली बंदराला जाणाऱ्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर स्टीलचा डबा असायचा आणि ड्रायव्हरने ब्रेक मारायच्या आधीच त्याचा हात झाकणावर गेलेला असायचा. मला त्याचं हसू यायचं.

एका सकाळी मी फोनवर एका कॅप्टनला सांगत होतो, "दोन मीटरच्याच लाटा आहेत. सरळ जा, वळसा घेतलात तर एक दिवस वाढेल."

फोन ठेवला तसं त्याने विचारलं, "हवामान बघून जहाजांना रस्ता सांगणारे तुम्हीच का, साहेब?"

"हो."

"मी जहाजावर कुक होतो. तुमचा अंदाज रोज बोर्डावर लागायचा. तो बघूनच मी पातेलं भरायचो. चार मीटर असलं की अर्धं, दोन असलं की काठोकाठ." त्याने बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी वितळून थिजलेल्या मेणासारखी दिसत होती. "त्या दिवशी दोन लिहिलं होतं."

माझ्या तोंडून नेहमीचं उत्तर निघून गेलं. "दोन म्हणजे मोठ्या लाटांची सरासरी. मधेच एखादी दुप्पटही येते. हे सगळ्यांना माहीत असतं."

तो चिडला नाही. त्याने बाही खाली ओढली.

"सगळ्यांना?"

मी हादरलो. आठ वर्षं मी जहाजांना रस्ते आखून देत होतो. जहाजावर चूल असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.