येसाजीचा अंगठा

येसाजीच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला आणि तेवढ्यावरून वाडीने त्याला गुन्हेगार ठरवलं. ना साक्ष, ना पुरावा! कुंभारवाडा गावाकडच्या त्या वाडीत रीत अशी, की देवराईत पायताण घालून पाऊल टाकायचं नाही; जो टाकील त्याचा पाय देव धरतो. येसाजीही हे मानणाराच. ओढ्याच्या अलीकडेच चपला काढून ठेवणारा माणूस तो. पण गावाचा निवाडा करणारा मुख्य, बुदवंत झिलू, सगळ्यांदेखत म्हणाला, "पायच बोलतोय की! मानसानं आनी कशाला बोलायचं?"

झालं. शिमग्याला देवराईत ढोलावर पहिली टिपरी मारायचा मान येसाजीच्या घराचा होता, तो झिलूने काढून घेतला आणि आपल्याच मुलाच्या हाती दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! येसाजी ढोल वाजवताना उजव्या अंगठ्याने जमिनीवर ताल धरायचा. तोच अंगठा आता लालबुंद होऊन ठणकत होता, चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता. तो गप्प बसला. गप्प बसली नाही ती त्याची बायको, फुला.

"आमचा मानूस खोटा, आनी तुमचा झिलू तेवढा देवाचा जावाय व्हय?" ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

फुलाचा भाऊ लाडू रामनगरला ट्रक चालवायचा. तो दोघांना बेळगावला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या पहिल्या डॉक्टराने पाय बघितला आणि विचारलं, "दारू किती पितोस?" येसाजी दारूला शिवत नसे. फुलाच्या अंगाची लाही लाही झाली. गावात देवाचा गुन्हेगार, इथे दारुडा! नुसतं दुखणं म्हणून या माणसाच्या दुखण्याकडे कुणी बघेल की नाही?

रक्ताच्या तपासणीतून नक्की काही कळेना, एक्स-रेत गाठ दिसली पण कसली ते उमगेना. तेव्हा सीटी स्कॅन करायचं ठरलं. येसाजीला एका फळीवर निजवलं आणि त्याचे पाय एका मोठ्या गोल यंत्रात सरकवले. तो डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, ज्या देवाचा तो म्हणे गुन्हेगार!

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. अंगठ्याच्या सांध्याजवळ हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं आणि शेजारी पांढरे ठिपके होते. "हा गाऊट. रक्तातलं एक ॲसिड वाढलं की त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात," त्या म्हणाल्या.

"म्हंजी ह्येंनी कायबाय पाप केलं म्हनून न्हाई ना?" फुलाने विचारलं.

"पाप कसलं, आक्का? हा आजार कुणालाही होऊ शकतो."

फुलाने ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. परतीच्या बसमध्ये तिने फिल्म मांडीवर सपाट धरली होती, कुठे दुमडू नये म्हणून. हा पुरावा दाखवला की झिलूचं तोंड बंद, अशी तिची खात्री होती.

झिलूने फिल्म उन्हाकडे धरली. पांढरे ठिपके बघितले आणि हसला. "ह्ये बगा! देवानं चुन्याची खूण करून ठेवलीया. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" बाकीचे माना डोलवू लागले. यंत्र बेळगावचं, पण बघणारे डोळे झिलूचेच! फुलाने त्याच्या हातातून फिल्म हिसकावली आणि सात पिढ्यांचा उद्धार करत घरी आली.

औषधाने हळूहळू सूज उतरली. पुढच्या शिमग्यापर्यंत येसाजी नीट चालू लागला. मग झिलू स्वतः नारळ घेऊन दारात आला. "देवानं माफ केलं तुला. ह्यो नारळ देवाम्होरं ठेव, चुकलो म्हन, आनी टिपरी घे."

येसाजीची बोटं महिनाभर दाराच्या फळीवर वाजत होती. फुलाने ते ऐकलं होतं. ज्या झिलूला तिने वर्षभर शिव्या घातल्या, त्याच्यासमोर ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "म्हना की. एक शब्दच तर हाय."

येसाजीने नारळाला हात लावला नाही. "चुकलो म्हनलं तर चूक केली असं व्हईल. मी न्हाई केली. माफी कसली घिऊ?"

"मग ऱ्हा बसून!" झिलू नारळ घेऊन निघून गेला.

संध्याकाळी देवराईतून ढोल ऐकू आला. झिलूच्या मुलाचा ताल पहिल्याच आवर्तनात घसरला. फुलाला झिलूचा राग आला, माना डोलवणाऱ्यांचा आला, देवाचासुद्धा आला. येसाजी उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्याचा बरा झालेला अंगठा आपोआप वर उचलला गेला आणि चुकलेला ताल सावरू लागला. येसाजीने त्याच्याकडे बघितलं आणि दुसरा पाय त्यावर दाबून धरला.