दादाच्या वाईनची धुतलेली बाटली

मंडळी, आज माझ्या हातून जे झालं ते इथे ऑर्कुटवर लिहिते. घरात बोलायला तोंड नाही.

माझा दादा बारा वर्षांपूर्वी हिमाचलात, डोंगरावरच्या एका बागेत कामाला गेला. गारपिटीत डागाळलेली सफरचंदं कोणी घेईना, म्हणून मालकाने त्यांची वाईन करायला घेतली. खत शेणाचं, औषधाची फवारणी नाही. पुढे दादाच ती वाईन करायचा. इकडे गावी, सिंदी मेघेत, आई शेजारणींना एवढंच सांगायची, "बागेत हाये कामाले."

दिवाळीनंतर दादा वारला. मी त्याचं सामान आणायला गेले, तेव्हा मालकाने त्याच्या हातची शेवटची बाटली दिली.

आज घरी परतताना, जामच्या फाट्यावर बस बदलताना कोणीतरी म्हणालं, "पुढं पोलीस बॅगा पाहून राह्यले." आपला जिल्हा दारूबंदीचा. मी घाबरले. चहाच्या टपरीमागे बाटली ओतून दिली. वास राहू नये म्हणून नळावर तीनदा धुतली.

बस कोणीच अडवली नाही.

घरी आईने विचारलं, "काऊन रिकामी?" मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही.

"मले प्याची नव्हती वं. दर सुटीत बाटली आणून म्हणे, आई, एकदा वास तरी घेऊन पाह्य. मी कधी घेतला नाई."

तिने बूच काढून बाटली नाकाला लावली. मग पुन्हा लावली.

"याले तर काहीच वास नाई."

बाटली अजून तिच्या मांडीवर आहे. मंडळी, मी एकदाच धुतली असती तर चाललं नसतं का हो?